पोपटांच्या नावावरची सतरा कणसे

परदेशातून दरवर्षी वऱ्हाडात उतरणारा एक पक्षी आपल्या ज्वारीचे नेमके किती नुकसान करतो, हा प्रश्न मला सोडवायचा होता. पक्ष्याचे नाव भोरडी. डोके, पंख आणि शेपटी काळी, अंग फिकट गुलाबी, आकार साळुंकीएवढा. पावसाळा सरता सरता वायव्येकडून हिचे थवे येतात, उन्हाळ्याच्या तोंडाशी पळस आणि सावर फुलेपर्यंत राहतात आणि मग एका आठवड्यात नाहीसे होतात. वऱ्हाडात भोरडी घरटे करीत नाही, पिल्ले वाढवीत नाही. येते, खाते आणि जाते. त्यामुळे तिच्यावर राग धरणे सोपे होते, आणि शेतकी खात्याकडे तक्रारीही येत. त्या तक्रारींत किती तथ्य आहे, हे मोजण्याचे काम पन्नासच्या दशकाच्या अखेरीस माझ्याकडे आले.

मी मूळचा शाळामास्तर. पातूरला चार वर्षे गणित आणि भूगोल शिकवून मग शेतकी खात्यात लागलो. गावोगावचे लोक मला शेवटपर्यंत ‘मास्तर’च म्हणत. त्याचे मला वाईट वाटले नाही, कारण खात्यातले माझे काम मी शाळेत शिकवलेल्या गणिताहून फारसे निराळे नव्हते. अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांत हिंडायचे, गावच्या यादीतून चिठ्ठीने एक वावर, म्हणजे शेत, निवडायचे, त्या वावरात खुंट्या आणि दोरी लावून एक चौकोन आखायचा, तेवढेच पीक कापून मळून तोलायचे आणि त्यावरून साऱ्या वावराचा अंदाज करायचा. चौकोनाचा कोन काटकोन हवा. त्यासाठी मी दोरीला तीन, चार आणि पाच हातांवर गाठी मारून ठेवल्या होत्या. ज्यांना शाळेतली भूमिती आठवत असेल त्यांना या गाठींचा उपयोग सांगायला नको.

पक्ष्यांचे नुकसान मोजणे मात्र याहून अवघड होते. खाल्लेला दाणा तोलता येत नाही. जो नाही, तो काट्यावर कसा ठेवणार? यावर एक उपाय होता. कणसातला फुलोरा संपताच, दाण्यात दूध भरण्याआधी, चौकोनातल्या दर दहाव्या कणसावर मलमलची पिशवी बांधायची. पिशवीतल्या कणसाला पाखरू शिवत नाही. कापणीच्या वेळी झाकलेल्या कणसांचे सरासरी वजन काढायचे, उघड्या ताटांवर, म्हणजे ज्वारीच्या धांड्यांवर, मिळालेल्या दाण्याचेही काढायचे. दोहोंतला फरक म्हणजे पाखरांनी खाल्लेले. पिशवीत हवा कोंदट राहते, दाणा किंचित बारीक भरतो. तेवढी चूक धरावी लागते. पण पद्धत बरी होती. निदान मला तसे वाटत असे.

ती पद्धत का हवी, हे मला त्याआधी परतवाड्याकडच्या एका संत्र्याच्या बागेने शिकवले होते. बागवानाने अर्ज केला होता की पोपटांनी संत्री संपवली. मी जाऊन झाडाखाली पडलेली फळे उचलून पाहिली. पोपट फळाला भगदाड पाडतो. या फळांना सुईने टोचावे तसे एकच बारीक छिद्र होते. ते काम अंधार पडल्यावर येऊन रस शोषणाऱ्या पतंगाचे. मी तसे सांगितले तेव्हा बागवान म्हणाला, “मास्तर, पतंग मी काही पायला नाई. पोपट मी रोज पायतो.” त्याच्या या वाक्यात पुढच्या साऱ्या गोष्टीचे बीज होते, पण ते मला तेव्हा कळले नाही.

आता त्या वावराकडे येतो. अकोल्याहून पातूरकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून एक गाव आहे. नाव देत नाही, कारण तिथली माणसे आणि त्यांची मुलेबाळे अजून तिथेच आहेत. वावर देवराव पाटलांचे. देवराव मनाने मोकळे, आवाजाने मोठे आणि पाहुणचारात कुणाला हार न जाणारे. त्यांच्या ज्वारीची राखण गिरजाबाईंकडे होती. वय पन्नाशीचे, अंगाने काटक, हातात सुताची गोफण. मचाणावर उभ्या राहून त्या दिवसभर पाखरे उडवीत. गोफणीचा दगड त्या थव्यावर मारीत नसत, थव्याच्या पुढे मारीत. कारण विचारले तेव्हा म्हणाल्या, “मांगं मारलं तं पाखरू पुढच्या वावरात जाते अन् फिरून येते. पुढं मारलं तं ते वाटच बदलते.”

त्यांच्या घराने काही वर्षांपूर्वी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. खळ्यावर जाऊन पदरात कणसे घ्यायची जुनी रीत त्या दिवसापासून त्यांनी बंद केली. राखणीची मजुरी हंगामाआधी ठरवायची आणि तेवढीच घ्यायची. कणीस घ्यायचे नाही. गावात हे सर्वांना ठाऊक होते. मलाही होते.

भोरडीबद्दल मला जे काही कळले त्यातले निम्मे त्यांच्याकडून कळले. मी पिशव्या बांधत होतो तेव्हा भोरड्यांचा एक थवा वावरात उतरला आणि गिरजाबाई गोफण खांद्यावर टाकून स्वस्थ उभ्या राहिल्या. मी म्हणालो, “गिरजाबाई, पाखरं उतरली.”

“उतरू द्या.”

“का?”

“आता दाना कुठं हाय? ते नाकतोडे खाऊन राह्यले. दाना भरेस्तोवर हे पाखरू आपलं, मास्तर. भरला का परकं.”

मी वहीत पाहिले. माझ्या तक्त्यात नुकसानीचे पाच रकाने होते. फायद्याचा एकही नव्हता. मी समासात ‘नाकतोडे’ एवढे लिहून ठेवले.

दाणा भरला. मधून मधून मी येऊन नोंदी करीत होतो. कोणते पाखरू कसे खाते हे ओळखता येऊ लागले. चिमणी वरच्या टोकापासून एकेक दाणा टिपते आणि बोंडी, म्हणजे दाण्याचे टरफल, जागेवर ठेवते. भोरड्या झुंडीने बसतात; ताट वाकते, कणसाची एक बाजू रिकामी होते आणि खाल्ले त्याहून अधिक खाली सांडते. पोपट खात बसत नाही. कणसाचा देठ तोडून अख्खे कणीस घेऊन धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, झाडावर जातो. म्हणून ज्या ताटावर कणीसच नाही, ते पोपटाच्या रकान्यात लिहायचे, असा नियम मी केला. नियम छापील नव्हता. माझाच होता.

कापणीच्या दिवशी चौकोनात एकोणीस ताटे कणसाविना निघाली. मी ती पोपटांच्या रकान्यात लिहिली. ती ताटे मुळाशी कापून, वेगळी पेंढी बांधून, तिला चिठ्ठी लावून धुऱ्यावर ठेवली. तसे करण्याची आवश्यकता नव्हती. पण उत्तरपत्रिका तपासून झाल्यावर फेकून द्यायची नाही, ही शाळेतली सवय अंगात होती.

पद्धत अशी की तक्त्यावर शेतमालकाची सही घ्यायची. दुपारी आम्ही चावडीवर बसलो. आठ-दहा माणसे होती. मजुरीचा हिशेब ऐकायला आलेल्या गिरजाबाई खाली पायरीशी उभ्या होत्या. देवरावांनी तक्ता पाहिला.

“एकोनीस कनसं पोपटानं नेले? येवढ्याशा चौकोनात?”

“होय.”

“मंग साऱ्या वावरात किती, मास्तर?”

या प्रश्नाला ‘सांगता येत नाही’ असे उत्तर द्यायला हवे होते. एका चौकोनावरून एका वावराबद्दल बोलू नये, अनेक चौकोनांची सरासरी घ्यावी, हे मला चांगले ठाऊक होते. पण दहा माणसे माझ्याकडे पाहत होती, आणि प्रश्न त्रैराशिकाचा होता. चौकोनात एकोणीस, तर सात एकरांत किती? मी खडूने चावडीच्या फरशीवर गणित मांडले आणि उत्तर मोठ्याने वाचले. उत्तर बैलगाडीभर कणसांचे निघाले.

देवराव गिरजाबाईंकडे वळले. “गाडीभर कनसं गेले. तू काय करून राह्यली व्हती मचानावर?”

“इतके पोपट उतरलेच नाई, पाटील,” गिरजाबाई म्हणाल्या. “माह्या डोयानं पायलं मी.”

“मास्तरच्या कागदात हाय.”

“कागदात असन. वावरात नोयते.”

“पोपटानं नेले नाईत तं कोनं नेले मंग? दिवसभर वावरात तूच. दुसरं कोन हाय?” देवराव थांबले, आणि मग जे बोलू नये ते बोलले. “कनसं घेत नाई म्हनता तुमी. असे घेता का?”

मी खडूचे हात पुसले. गिरजाबाईंनी गोफण गुंडाळली, पायरीवर ठेवली आणि निघून गेल्या. देवराव म्हणाले, पुढच्या साली राखण दुसऱ्याला. आणि त्यांनी तक्त्यावर सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खुंट्या आणि दोरी गोळा करायला वावरात गेलो तेव्हा गिरजाबाई धुऱ्यावर त्या पेंढीजवळ बसल्या होत्या. मला वाटले, आता बोलणी खावी लागणार. त्या म्हणाल्या, “मास्तर, तुमी शायेत पोट्ट्यायले शिकवलं ना?”

“शिकवले.”

“मंग हे वाचून दाखवा मले.” त्यांनी पेंढीतले एक ताट काढून माझ्या हाती दिले.

मी पाहिले. ताटाचे टोक, जिथे कणीस असायला हवे तिथे, तिरपे आणि गुळगुळीत होते. त्यांनी दुसरे ताट दिले. त्याचे टोक चघळल्यासारखे, धागे निघालेले होते.

“हे दुसरं पोपटाचं,” त्या म्हणाल्या. “चोचीनं कुरतडते तो. अन् हे पयलं?”

“कापलेले आहे,” मी म्हणालो.

“पोपटाले इळा कोनं देल्ला, मास्तर?”

मी खाली बसलो आणि एकोणीस ताटे एकेक करून पाहिली. दोन कुरतडलेली, सतरा विळ्याने कापलेली. पाहून झाल्यावर माझ्या लक्षात आले की हे त्यांच्यासाठी अधिक वाईट आहे. पोपट खोटे ठरले की चोरी खरी ठरते. मी तसे त्यांना सांगितले.

“मले समजते ते,” त्या म्हणाल्या. “तुमच्या वहीत रोजचं रोज लिवता ना तुमी? मांगचं पाहा.”

“काय पाहू?”

“मी सांगनार नाई. मी सांगतलं तं ते माहं बोलनं व्हते. तुमच्या वहीत असन तं ते लिवलेलं हाय.”

मी वही उघडली. कापणीच्या तीन आठवडे आधीच्या पानावर माझ्याच अक्षरात होते: ‘देवरावांकडे हुरडा. आंब्याखाली. चार माणसे, प्रत्येकी चार कणसे. मला एक जास्त, आग्रहामुळे. दाणा फार गोड.’

चार चोक सोळा आणि एक सतरा.

हुरडा म्हणजे काय, हे ज्वारीच्या मुलखाबाहेरच्या वाचकांना सांगायला हवे. ज्वारीचा दाणा भरलेला पण अजून कोवळा असतो तेव्हा कणसे कापून गोवऱ्यांच्या विस्तवात भाजतात आणि तळहातावर चोळून दाणे गरम गरम खातात. पाहुणा आला की हुरडा. मी बाजूला बसून खाल्ला होता. कणसे कुठून आली हे विचारले नव्हते. आणि खरी अडचण पुढेच होती. हुरड्यासाठी कापताना मलमलच्या पिशव्यांना कुणी हात लावला नव्हता, कारण त्या सरकारच्या. म्हणजे झाकलेली कणसे सगळी शाबूत, उघडी मात्र कमी. दोन्हींतला फरक मी पाखरांवर टाकला होता. माझी पद्धत पाखरू आणि पाहुणा यांत भेद करू शकत नव्हती, आणि पाहुणा मी होतो.

मी देवरावांच्या घरी गेलो आणि वही त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी वाचले.

“हुरडा तं हुरडा हाय, मास्तर. तो काय नुकसानीत धरतेत काय?”

“कणसे चौकोनातली कापलीत का?”

“तिथलीच. मीच कापली. तुमी दोरी बांधून तो तुकडा सरकारचा केला. मंग सरकारच्या पावन्याले सरकारचाच मान. दुसऱ्या जागची कनसं देनं बरं दिसलं असतं का?”

मी वही मिटली. या उत्तरात लबाडी नव्हती. त्यांनी मनापासून माझा मान केला होता आणि मनापासून विसरले होते. हुरडा हे नुकसान आहे, असे वऱ्हाडात कुणाच्या मनात येत नाही. म्हणून ती सतरा कणसे कुणाच्याच आठवणीत नव्हती. एका बाईला सोडून.

“गिरजाबाईंना चोर म्हणालात तुम्ही,” मी म्हणालो.

देवरावांनी मान खाली घातली. “तिले सांगतो मी घरी बलावून.”

मी समाधानाने परत गेलो आणि गिरजाबाईंना सांगितले की पाटलांना पटले आहे, आणि मी दुरुस्तीचा कागद अमरावतीच्या कचेरीला पाठवतो. मला वाटले, काम झाले.

“कागद अमरावतीले जाईन,” त्या म्हणाल्या. “तिथं मले कोन वयखते? चोर म्हनलं ते चावडीवर म्हनलं. नाई म्हनाचं ते घरात?”

“मग काय करावे?”

“तुमी फरशीवर गनित मांडलं व्हतं. फरशीवरच मोडा.”

दुरुस्ती जिथे चूक झाली तिथेच करायची, फळ्यावरची चूक फळ्यावरच पुसायची, हे मी मुलांना शिकवले होते. पण मुलांसमोर स्वतः उभे राहणे आणि पाटील, कोतवाल आणि दहा शेतकऱ्यांसमोर उभे राहणे यांत फरक असतो. खरे सांगायचे तर त्या दुपारी मी परस्पर अकोल्याची गाडी पकडण्याचा विचार केला होता. गेलो नाही, याचे श्रेय मी घेत नाही. गाडी चावडीसमोरूनच सुटत असे, आणि गिरजाबाई चावडीवर येऊन बसल्या होत्या.

मी खडू घेतला. फरशीवर एकोणीस लिहिले. त्यातून सतरा वजा केले आणि त्यापुढे माझे नाव लिहिले, देवरावांचे लिहिले, हुरड्याला बसलेल्या आणखी दोघांची लिहिली. प्रत्येकापुढे कणसांची संख्या. माझ्यापुढे पाच. मग दोन्ही ताटे, कापलेले आणि कुरतडलेले, हातोहात फिरवली. एक म्हातारे शेतकरी माझ्या नावापुढचा आकडा पाहून म्हणाले, “मास्तर, तुमी तं पोपटापरिस भारी निंगाले.” लोक हसले. देवरावही हसले, आणि मग उठून सर्वांसमोर म्हणाले, “गिरजाबाई, माहं चुकलं. राखन तुमीच करा.”

गिरजाबाईंनी पायरीवरची गोफण उचलली. आदल्या दिवसापासून ती तिथेच होती. कुणी हलवली नव्हती. “करीन,” त्या म्हणाल्या. “पन दोरीच्या आतली नाई. तेवढी मास्तरानं राखावी.”

पुढच्या हंगामापासून मी पद्धत बदलली. चौकोन आखल्यावर मालकाला सांगू लागलो की हे पीक तुमचेच आहे, पण दोरीच्या आतले कुणाच्याही मानासाठी कापू नका. ज्या ताटावर कणीस नाही त्याचे टोक पाहून मगच रकाना ठरवायचा. आणि तक्त्याला सहावा रकाना जोडला: ‘माणूस’. अमरावतीच्या कचेरीतल्या साहेबांना तो आवडला नाही. विषय पाखरांचा आहे, असे त्यांचे म्हणणे.

पहिल्या वर्षाची माझी दुरुस्ती मात्र उशिरा पोचली. तोवर जिल्ह्याचा तक्ता तयार होऊन वर गेला होता. दुरुस्ती फाइलला लागली, तक्ता तसाच राहिला, आणि त्यानंतर कित्येक वर्षे तोच आकडा एका पत्रकातून दुसऱ्या पत्रकात उतरवला गेला. एका चौकोनाने जिल्ह्याच्या आकड्यात किती फरक पडला असेल? फार नाही. पण इतर चौकोनांत किती पाहुणे जेवले, हे मला ठाऊक नाही, आणि आता कळण्याचा मार्गही नाही. कचेरीच्या हिशेबात माझा हुरडा अजून पोपटांच्या नावावर आहे. गावात मोडलेले गणित मला तिथे मोडता आले नाही, याची खंत वाटते.

आता मूळ प्रश्नाचे उत्तर. पुढच्या सात-आठ वर्षांत दोन्ही जिल्ह्यांत मी जे पाहिले त्यावरून माझे मत असे झाले: भोरडी नुकसान करते, पण तक्रारींत असते त्याहून पुष्कळ कमी. ज्या वावराची ज्वारी शेजाऱ्यांच्या आधी किंवा नंतर पिकते, त्याच्यावर सारा थवा उतरतो आणि त्या एका मालकाचे मोठे नुकसान होते. सगळ्या शिवाराची ज्वारी एकदम पिकली तर तोच थवा विखुरतो आणि कुणालाच फारसे जाणवत नाही. दाणा भरण्यापूर्वी ती जे नाकतोडे खाते त्यांचा हिशेब मी कधीच करू शकलो नाही. तो केल्याशिवाय नुकसानीचा आकडा अपुराच आहे. समासातला तो एक शब्द रकान्यात आणायचा राहून गेला.

हे माझे मत आहे, आणि माझ्या मताने एकदा एका प्रामाणिक बाईला चावडीवर उभे केले होते. म्हणून वाचकांना विनंती आहे. ज्यांच्या घरी ज्वारी आहे त्यांनी यंदा दर दहाव्या कणसावर एक पिशवी बांधावी, हुरडा कधी आणि किती जणांनी खाल्ला ते लिहून ठेवावे, आणि कापणीच्या दिवशी कणीस नसलेल्या प्रत्येक ताटाचे टोक पाहावे. माझे म्हणणे चुकीचे निघाले तर चारचौघांत सांगावे.